वाचकांचे प्रश्न : घर, दुकान, कारखाना आणि आवाजाची मर्यादा

आवाजाच्या त्रासाविषयी आलेल्या पत्रांपैकी काही पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. जवळजवळ प्रत्येक पत्रात "आमच्याकडे किती डेसिबलपर्यंत चालते?" हा प्रश्न आहे, म्हणून आधी ते आकडे देऊन टाकतो. ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 प्रमाणे औद्योगिक क्षेत्रात दिवसा 75 आणि रात्री 70, व्यापारी क्षेत्रात दिवसा 65 आणि रात्री 55, निवासी क्षेत्रात दिवसा 55 आणि रात्री 45, तर शांतता क्षेत्रात (म्हणजे शाळा, रुग्णालये यांच्याभोवतीच्या जाहीर केलेल्या भागात) दिवसा 50 आणि रात्री 40 डेसिबल अशी मर्यादा आहे. सकाळी 6 ते रात्री 10 हा दिवस आणि रात्री 10 ते सकाळी 6 ही रात्र धरली जाते. हे नियम पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, 1986 खाली केंद्र सरकारने केलेले असल्यामुळे महानगरपालिका, ग्रामपंचायत किंवा गृहनिर्माण संस्था यांना ठराव करून ही मर्यादा सैल करता येत नाही. मात्र या आकड्यांच्या वादातच अनेक तक्रारी अडकून पडतात, आणि वेळेचा किंवा परवानगीचा भंग, जो सिद्ध करायला यंत्र लागत नाही, तो तक्रारीत लिहायचाच राहतो. खालच्या उत्तरांत हा मुद्दा पुन्हा पुन्हा येईल, कारण आमच्या मते खरी अडचण तिथेच आहे.

प्रश्न : आमच्या गल्लीत घराला लागूनच यंत्रमागाची शेड आहे. माग दोन पाळ्यांत चालतात आणि दुसरी पाळी मध्यरात्रीनंतर सुटते. मालक म्हणतात, "हा उद्योग आहे, आम्हाला 75 डेसिबलची मुभा आहे." हे खरे आहे का? — एक वाचिका, इचलकरंजी

उत्तर : मालकांचे म्हणणे बरोबर नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला असल्याने त्याचे उत्तर सविस्तर देतो. नियमांतली मर्यादा जागेच्या वापराला किंवा परवान्याला जोडलेली नसून ती क्षेत्राला जोडलेली आहे. एखाद्या गाळ्यात कारखाना चालतो म्हणून तो गाळा औद्योगिक क्षेत्र ठरत नाही. कोणता भाग निवासी, कोणता व्यापारी आणि कोणता औद्योगिक हे ठरवण्याची जबाबदारी नियमांनी राज्य सरकारवर टाकली आहे, आणि व्यवहारात त्यासाठी शहराच्या विकास आराखड्याचा आधार घेतला जातो. म्हणून आपण पहिली गोष्ट ही करावी की महानगरपालिकेच्या नगररचना विभागात सर्व्हे क्रमांक देऊन आपल्या जागेचा झोन दाखला आणि भाग नकाशा मागून घ्यावा. त्यावर निवासी विभाग असे लिहिलेले असेल, तर शेजारी शेड असली तरी आपल्या घराच्या ठिकाणी दिवसा 55 आणि रात्री 45 हीच मर्यादा लागू होते. इचलकरंजीसारख्या गावात घर आणि माग एकाच भिंतीला टेकून वाढले आहेत, त्यामुळे भाग संमिश्र आहे असा युक्तिवाद होईल. पण अशा संमिश्र भागाला चारपैकी एका प्रकारात घालण्याचा अधिकार सक्षम प्राधिकरणाचा आहे, शेडमालकाचा नाही. तसा आदेश झाला आहे असे ते म्हणत असतील, तर त्याची प्रत मागावी, आणि ती मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करावा.

आता आवाजाविषयी. साध्या मागात धोटा, म्हणजे आडवा धागा वाहून नेणारा तुकडा, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फेकला जातो आणि प्रत्येक फेकीला लाकडी दांड्याचा ठोका बसतो. हा ठोका मिनिटाला शंभराहून अधिक वेळा पडतो आणि तो केवळ हवेतून येत नाही, तर मागाच्या पायातून फरशीत, फरशीतून सामाईक भिंतीत आणि भिंतीतून आपल्या खोलीत उतरतो. म्हणूनच खिडक्या बंद करूनही फरक पडत नाही अशी तक्रार आपल्या पत्रात आहे. यावर मागाच्या पायाखाली कंपन शोषणारे जाड रबरी पॅड घालणे आणि सामाईक भिंतीला लागून असलेली मागांची रांग आत सरकवणे हे उपाय भिंतीवर पत्रा किंवा थर्माकोल ठोकण्यापेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडतात. "रात्री निम्मेच माग चालवतो" अशी तडजोड मालकांकडून येण्याची शक्यता आहे. ती स्वीकारण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे की डेसिबलचे माप साध्या बेरजेचे नाही. सारख्याच आवाजाच्या यंत्रांपैकी निम्मी बंद केली तर माप केवळ 3 डेसिबलने उतरते, आणि 10 डेसिबलने उतरवायचे तर दहांपैकी नऊ बंद करावी लागतात. त्यामुळे भिंतीजवळची रांग रात्री 10 नंतर पूर्ण बंद ठेवण्याची मागणी संख्येच्या तडजोडीपेक्षा आपल्या फायद्याची आहे.

मोजणी करताना एक पद्धत अवश्य पाळावी. माग चालू असताना आणि माग बंद असताना, म्हणजे सुट्टीच्या दिवशी किंवा वीज गेलेली असताना, एकाच ठिकाणी आणि शक्यतो घड्याळातल्या त्याच वेळेला दोन्ही मापे घ्यावीत. दोन्हींत 10 डेसिबल किंवा अधिक फरक असेल, तर मोजला गेलेला आवाज जवळजवळ सगळा मागांचाच आहे असे म्हणता येते. फरक 3 डेसिबलच असेल, तर मागांचा आवाज आणि रस्त्याचा, पंख्यांचा, वस्तीचा आवाज साधारण सारखेच आहेत. ही तुलना जोडलेली नसली की "हा तर रहदारीचा आवाज" असे सांगून तक्रार निकालात काढणे सोपे जाते.

अर्ज पोलिसांकडे करताना त्याच्या प्रती महानगरपालिका आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ यांना द्याव्यात. या नियमांखालचे प्राधिकरण म्हणून जिल्हादंडाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा पोलीस उपअधीक्षक दर्जापेक्षा कमी नसलेला नेमलेला अधिकारी असतो, म्हणून अर्ज ठाण्यात दिला तरी त्या अधिकाऱ्याला उद्देशून लिहावा. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 38 मध्ये एखाद्या जागेतील धंद्यामुळे वा कामामुळे होणारा आवाज थांबवण्याचा अधिकार दिलेला आहे. ध्वनी प्रदूषण म्हटले की सगळ्यांना लाउडस्पीकर आठवतो आणि हे कलम विसरले जाते. आपल्या अर्जात त्याचा उल्लेख असावा. मागावर पोट असलेल्या कामगारांचे नुकसान व्हावे अशी आपली इच्छा नाही, असे आपण लिहिले आहे, आणि ते आम्हाला महत्त्वाचे वाटते. कारण शेडच्या आत तासन्‌तास उभे राहणाऱ्या त्या कामगाराच्या कानांवर आपल्यापेक्षा कितीतरी मोठा मारा होत असतो, आणि आवाज उगमापाशी कमी झाला तर पहिला लाभ त्यालाच होतो.

प्रश्न : माझे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप औद्योगिक वसाहतीत पुष्कळ वर्षांपासून आहे. कुंपणापलीकडे आता इमारती झाल्या आणि तिथले रहिवासी ग्राइंडरच्या आवाजाची तक्रार करतात. मी आधी आलो, तर त्यांनी सहन करायला नको का? — एक उद्योजक, नाशिक

उत्तर : आपली चीड समजण्यासारखी आहे, पण "आधी आलो" ही सवलत या नियमांत कुठेही नाही. आपल्या भूखंडावर दिवसा 75 आणि रात्री 70 ही मर्यादा आहे हे खरे. मात्र कुंपणापलीकडचा भाग विकास आराखड्यात निवासी असेल, तर तिथल्या खिडकीपाशी 55 आणि 45 हेच आकडे लागतात. दोन क्षेत्रांच्या सीमेवर वाद होतात ते यामुळेच. औद्योगिक क्षेत्राला खेटून निवासी बांधकामाला परवानगी देताना मधे मोकळी पट्टी ठेवणे हे नियोजन करणाऱ्यांचे काम होते, आणि विकासाची कामे आखताना ध्वनी प्रदूषणाचा विचार करावा असे याच नियमांनी स्थानिक संस्थांना सांगितलेही आहे. त्या चुकीचा भार एकट्या आपल्यावर पडतो हे अन्यायकारक आहे, आणि आपल्या औद्योगिक संघटनेने हा प्रश्न नियोजन प्राधिकरणाकडे जोरकसपणे मांडायला हवा. तोपर्यंत आपल्या हातात असलेल्या गोष्टी अशा : ग्राइंडिंग आणि ठोकपिटीचे काम शेडच्या कुंपणाविरुद्धच्या बाजूला न्यावे, कुंपणाकडची दारे-खिडक्या त्या वेळी बंद ठेवता येतील अशी वायुवीजनाची सोय करावी, आणि रात्री 10 नंतर फक्त जुळणी, रंगकाम यांसारखी कामे ठेवावीत. उघड्या जागेत अंतर दुप्पट झाले की एका ठिकाणाहून येणारा आवाज साधारण 6 डेसिबलने घटतो, त्यामुळे कुंपणापासून 5 मीटरवरचा ग्राइंडर 20 मीटरवर नेल्यास कुंपणापाशी 12 डेसिबलपर्यंत फरक पडू शकतो, आणि त्याला खर्च जवळजवळ काहीच नाही. आपल्या उद्योगाला प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र असल्यास त्यातल्या आवाजाच्या अटी आधी वाचाव्यात, कारण तपासणी त्या अटींवरच होते.

प्रश्न : आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर उपाहारगृह आहे. त्याचा धूर ओढणारा पंखा, एसीची बाहेरची यंत्रे आणि वीज गेल्यावर जनरेटर यांनी वरच्या मजल्यांवर झोप लागत नाही. दुकान व्यापारी असल्याने 65 ची मर्यादा लागेल, असे संस्थेचे सचिव म्हणतात. — एक सभासद, पुणे

उत्तर : तत्त्व वरच्याच उत्तरातले आहे. निवासी विभागातल्या इमारतीत तळमजल्यावर दुकानांना परवानगी असते, पण त्यामुळे विभाग बदलत नाही. म्हणून आराखड्यात भाग निवासी असल्यास रात्री 10 नंतर 45 हाच आकडा धरावा. पंख्याबाबत एक साधी गोष्ट आधी तपासून घ्यावी. स्वयंपाकघरातल्या तेलकट वाफेचा थर पात्यांवर एकसारखा बसत नाही, त्यामुळे पंख्याचा तोल बिघडतो आणि तो थरथरू लागतो. ही थरथर लोखंडी नळकांड्यातून थेट वरच्या मजल्याच्या भिंतीत जाते. पाती महिन्याच्या महिन्याला साफ करणे, पंखा आणि नळकांडे यांच्यामध्ये कापडी जोड देणे आणि भिंतीतले पकडीचे नट रबरी वायसरवर बसवणे एवढ्याने बराच फरक पडतो. डिझेल जनरेटरसाठी वेगळे मानक आहे : 1000 केव्हीएपर्यंत क्षमतेच्या संचाचा आवाज त्याच्या आवरणापासून 1 मीटर अंतरावर 75 डेसिबलपेक्षा अधिक असता कामा नये. जनरेटर उघड्यावर, आवरणाशिवाय ठेवलेला असेल, तर तक्रारीत नेमके तेच लिहावे. उपाहारगृहात संगीत वाजत असेल, तर खासगी जागेच्या हद्दीवर तो आवाज त्या क्षेत्राच्या मर्यादेपेक्षा 5 डेसिबलहून अधिक वर जाता कामा नये, असाही नियम आहे.

प्रश्न : शेजारच्या लॉनवर लग्नसराईत रात्री साडेअकरापर्यंत डीजे वाजतो. मी मोबाइलवरच्या ॲपने 78 डेसिबल मोजले, पण ठाण्यात "ॲप चालत नाही, आमच्याकडे मीटर नाही" असे सांगितले. — एक वाचक, नागपूर

उत्तर : ॲपचा आकडा पुरावा म्हणून कच्चा आहे हे मान्य करावे लागेल. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, मोठ्या आवाजाला तो अडखळतो आणि डीजेच्या खर्जातल्या दणक्याला तर तो नीट पकडतच नाही. नियमांतला आकडाही क्षणिक उसळीचा नसून ठरावीक काळातल्या आवाजाची ऊर्जेच्या हिशेबाने काढलेली सरासरी असतो, त्यामुळे पडद्यावर एकदा दिसलेला 78 हा आकडा आणि नियमातला आकडा यांची थेट तुलना होत नाही.

पण आपल्या प्रकरणात मीटरची गरजच नाही. तक्रार करण्याचे दोन स्वतंत्र मार्ग नियम 7 मध्ये दिलेले आहेत : आवाज मर्यादेपेक्षा 10 डेसिबल किंवा अधिक वर गेला तर, अथवा रात्रीच्या वेळेसाठी घातलेल्या कोणत्याही बंधनाचा भंग झाला तर. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत लाउडस्पीकर किंवा ध्वनिवर्धक यंत्रणा वापरायला बंदी आहे, आणि अपवाद सभागृह, परिषद कक्ष, मेजवानीचे दालन अशा बंदिस्त जागेतल्या आतल्या वापरापुरता, तसेच सार्वजनिक आणीबाणीपुरता आहे. लॉन उघडे असते. मांडवाचे कापड बांधल्याने ते बंदिस्त होत नाही. राज्य सरकार सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत सवलत देऊ शकते, पण हे दिवस आधी जाहीर करावे लागतात आणि खासगी लग्न हे काही त्यात मोडत नाही. म्हणून तक्रारीत 78 हा आकडा पुढे न करता "रात्री 11 वाजून 10 मिनिटांनी उघड्या लॉनवर ध्वनिवर्धक चालू होता" एवढेच लिहावे, सोबत वेळ दिसेल असे छोटे चित्रीकरण द्यावे आणि लाउडस्पीकरसाठी लेखी परवानगी घेतली होती का, घेतली असल्यास किती वाजेपर्यंत, हे लेखी विचारावे. मीटर नसल्याचे कारण या तक्रारीला लागूच पडत नाही, हे ठाण्यात शांतपणे पण ठामपणे सांगावे.

प्रश्न : समोरच्या इमारतीचा पुनर्विकास चालू आहे. रात्री काँक्रीट ओतण्याचे काम पहाटेपर्यंत चालते. बांधकामाला वेगळी मर्यादा आहे का? — एक ज्येष्ठ नागरिक, मुंबई

उत्तर : रात्रीपुरते उत्तर अगदी स्पष्ट आहे. आवाज करणारी बांधकामाची यंत्रे निवासी क्षेत्रात आणि शांतता क्षेत्रात रात्री वापरता येत नाहीत. ही तरतूद 2010 च्या दुरुस्तीने नियम 5अ म्हणून आली. इथेही डेसिबलचा प्रश्न नाही, यंत्र रात्री चालले हाच भंग. काँक्रीटचे मिक्सर ट्रक दिवसा रहदारीत अडकतात, एकदा सुरू केलेला स्लॅब मधे सोडता येत नाही, ही विकासकांची नेहमीची कारणे आहेत आणि तांत्रिकदृष्ट्या दुसरे कारण खरेही आहे, पण त्याचा अर्थ इतकाच की काम सकाळी लवकर सुरू करून रात्री दहाच्या आत संपेल असे आखले पाहिजे. सार्वजनिक प्रकल्पालाही हा प्रश्न चुकला नाही : मेट्रो 3 या भुयारी मार्गाच्या दक्षिण मुंबईतल्या रात्रीच्या कामाला 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मनाई केली होती आणि पुढच्या वर्षी न्यायालयाकडूनच परवानगी मिळवावी लागली. मग एका इमारतीच्या विकासकाला परस्पर मुभा कशी असेल? दिवसाच्या फोडकामासाठी आपण हायड्रॉलिक ब्रेकरऐवजी डायमंड कटरने कापकाम करण्याची आणि आपल्या बाजूला उंच पत्र्याचा अडसर उभारण्याची मागणी महानगरपालिकेच्या वॉर्ड कार्यालयाकडे करू शकता.

प्रश्न : आमच्या शाळेपासून 60 मीटरवर नवे मंगल कार्यालय झाले आहे. शाळेभोवतीचे 100 मीटर आपोआप शांतता क्षेत्र असतात ना? — एक शिक्षक, सातारा

उत्तर : पूर्वी तसे मानले जात असे. ऑगस्ट 2017 च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने अधिसूचित केल्याशिवाय कोणताही भाग शांतता क्षेत्र ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीला दिलेली स्थगिती सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2017 मध्ये थांबवली. त्यामुळे आपली शाळा अधिसूचित यादीत आहे का हे जिल्हाधिकारी कार्यालयात तपासावे आणि नसल्यास तिचा समावेश व्हावा म्हणून शाळा व्यवस्थापनाने लेखी मागणी करावी. आमच्या मते ही दुरुस्ती शाळा आणि रुग्णालये यांच्यासाठी हानिकारक ठरली आहे. ज्या संस्थेला यादीची माहितीच नाही तिचे संरक्षण तिच्या नकळत गेले.

प्रश्न : तक्रार केली की माझे नाव आयोजकांना कळते आणि मग शेजाऱ्यांची नाराजी ओढवते. नाव न देता तक्रार करता येते का? — एक वाचिका, ठाणे

उत्तर : येते, आणि त्याला न्यायालयाचा आधार आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2016 च्या सविस्तर निकालात आवाजाच्या तक्रारी स्वीकारण्याची यंत्रणा उभारण्याचे आणि तक्रारदाराची ओळख जपण्याचे निर्देश दिले होते. जानेवारी 2025 मध्ये कुर्ल्यातील रहिवाशांच्या याचिकेवर निकाल देताना याच न्यायालयाने पुन्हा सांगितले की पोलिसांनी तक्रारदाराची ओळख पटवण्याच्या मागे न लागता कारवाई करावी आणि ओळख कळली तरी ती ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला सांगू नये. लाउडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, हेही त्या निकालात स्पष्ट केलेले आहे. पहिल्या वेळी समज, नंतर दंड आणि त्यानंतरही ऐकले नाही तर यंत्रणा जप्त करून परवाना रद्द करणे, असा टप्प्याटप्प्याचा क्रम त्यात सांगितला आहे.

आपण 112 वर फोन करताना आवाजाचे ठिकाण, आवाजाचा प्रकार आणि घड्याळातली वेळ एवढेच सांगावे, आणि नाव गुप्त ठेवावे असे त्याच वेळी स्पष्ट म्हणावे. फोनची नोंद झाल्याचा संदेश किंवा क्रमांक आला तर तो जपून ठेवावा. पथक येऊन गेल्यावर आवाज पुन्हा सुरू झाल्यास "आधी एकदा केली होती" असे न म्हणता प्रत्येक वेळी वेगळी नोंद करावी, कारण भंग पुन्हा पुन्हा झाला हे कागदावर आल्याशिवाय दंडाच्या पुढचा टप्पा गाठता येत नाही. इमारतीतल्या चार-पाच घरांनी आपापल्या फोनवरून स्वतंत्र नोंदी केल्या, तर एकट्या आपल्यावर नाराजी ओढवण्याचा प्रश्नही बराच सुटेल.